विचारत विचारत नाशिक

आम्हा मालेगावकरांना नाशिक म्हणजे दवाखाना, कोर्ट आणि कलेक्टर कचेरी. काम उरकले की संध्याकाळची एसटी. या वर्षी मुलीला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला वसतिगृहावर सोडायला अब्बाही आले आणि तीन दिवस मुक्काम पडला. "पोर इथे राहणार, तर गाव ओळखून घेऊ," अब्बा म्हणाले. मुलीने मोबाईल काढला. तो त्यांनी खिशात ठेवायला लावला आणि भेटेल त्याला विचारू लागले.

बडी दर्गाजवळ चहा पाजणारे चाचा म्हणाले, "हे मोगलांचे गुलशनाबाद. पण बेटी, आधी नदीवरचा दुतोंड्या मारुती बघून ये. पावसाळ्यात कामाला येईल." खरेच आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी फुटांत सांगत नाहीत. मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असे सांगतात. पाणी वर चढले की सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात.

भांडी बाजारात एका तांबटकाकांनी गाव विचारले. "मालेगाव? घरी माग असतील."

"होते," अब्बा म्हणाले. शेवटचे दोन माग गेल्या वर्षीच भंगारात गेले.

काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "पांडवलेणीला जा. दहा नंबरच्या लेण्यात तुमच्या लोकांचे नाव आहे."

पायऱ्या चढताना अब्बा चारदा बसले. लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, तेही गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २०००, दुसरीकडे १०००. त्या २००० च्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे.

"व्याजाचे सोड," अब्बा म्हणाले, "पण राजाच्या जावयाने पैसा सांभाळायला दिला कुणाकडे? विणकराकडे!" तिथून उतरताना ते एकदाही बसले नाहीत. अस्रची नमाज मात्र थोडक्यात हुकता हुकता राहिली.

परवा मुलीचा फोन आला. खोलीतल्या कोल्हापूरच्या मैत्रिणीने नाशिकमध्ये काय बघावे असे विचारले, तर ही तिला घेऊन थेट तांबटकाकांच्या दुकानात गेली. काकांनी आधी अब्बांच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणे.