माग आणि मार्ग

वस्त्रकलावंताला मागावरील बैठक जितकी आवश्यक, तितकाच प्रवासही आवश्यक असतो. ॲनी आल्बर्स (१८९९-१९९४) यांचे जीवन याचे बोलके उदाहरण होय.

जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत त्या १९२२ मध्ये दाखल झाल्या. तेथे स्त्रियांना बहुधा विणकाम विभागातच धाडले जाई. ॲनी यांनाही तोच पत्करावा लागला. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणामुळे शाळा बंद पडली. ज्यू कुळातील ॲनी व त्यांचे चित्रकार पती जोसेफ यांनी अमेरिकेतील ब्लॅक माउंटन महाविद्यालयाचा आश्रय घेतला.

तेथून १९३५ मध्ये उभयता मोटारीने प्रथम मेक्सिकोला गेली. पुढे हा परिपाठच पडला. तेथील पारंपरिक मागात ताण्याचे एक टोक झाडाला, तर दुसरे विणकर स्त्रीच्या कमरेला बांधलेले असते. शरीर मागेपुढे करून ती ताण राखते. हा माग ॲनी यांनी अभ्यासिला व विद्यार्थ्यांनाही शिकविला. 'मॉन्ते आल्बान' (१९३६) या कलाकृतीत, पाहिलेल्या त्या प्राचीन नगरीच्या स्मृती जादा बाण्याच्या रेषांनी उमटल्या.

१९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. विणकामावरील १९६५ चा ग्रंथ मात्र त्यांनी प्राचीन पेरूच्या अनाम विणकरांना, आपले गुरू म्हणून, अर्पण केला.