‘न्यूरोमॅन्सर’ची चाळीस वर्षे: जोडलेली मने आणि त्यांचे मालक

विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत एस बुक्सच्या कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्तीत निघाली. लेखकाची ही पहिलीच कादंबरी. टेरी कार या संपादकांनी नव्या लेखकांसाठी चालवलेल्या मालिकेकरता ती मुद्दाम लिहून घेतली होती. पुढे तिला ह्यूगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक हे विज्ञानकथेतले तिन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. एकाच कादंबरीने तिन्ही पटकावण्याची ती पहिलीच वेळ. संगणकांच्या जाळ्यात वावरणारी मने, मालकाच्या हातून सुटू पाहणारी कृत्रिम बुद्धी आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेला माणूस हा तिचा विषय. गेल्या चाळीस वर्षांत तो कथेतून वर्तमानपत्रांत आणि तिथून कायद्याच्या मसुद्यांत येऊन बसला आहे.

सायबरपंक हा प्रवाह याच पुस्तकापासून सुरू झाला असे म्हणण्याची प्रथा आहे, पण वाट आधीपासून मळलेली होती. जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या ‘द शॉकवेव्ह रायडर’ मधला नायक सरकारी संगणकजाळ्यात आपोआप पसरत जाणारा प्रोग्रॅम सोडतो. ब्रनर यांनी त्याला दिलेले ‘वर्म’ हे नाव झेरॉक्सच्या पॅलो आल्टो येथील संशोधकांनी १९८२ मध्ये आपल्या खऱ्याखुऱ्या प्रयोगासाठी उचलले. व्हर्नर विंज यांच्या १९८१ च्या ‘ट्रू नेम्स’ मध्ये जाळ्यातला प्रत्येक जण आपले खरे नाव जिवापाड जपतो, कारण ते ज्याच्या हाती लागेल त्याच्या मुठीत आपण जाणार हे त्याला ठाऊक असते. ‘सायबरपंक’ हे नावही आधीचेच. ब्रूस बेथकी यांनी ते आपल्या एका कथेला दिले होते. ती १९८३ मध्ये छापून आली आणि पुढच्याच वर्षी संपादक गार्डनर डोझवा यांनी ते नव्या लेखकांच्या संपूर्ण गटाला लावले.

गिब्सन यांनी या सामग्रीला एक जागा दिली. १९८२ च्या ‘बर्निंग क्रोम’ या कथेत त्यांनी ‘सायबरस्पेस’ हा शब्द वापरला आणि दोन वर्षांनी कादंबरीत ती जागा प्रकाशाच्या रेघांनी आखलेल्या शहरासारखी उभी केली. स्वतः गिब्सन संगणकाचे जाणकार नव्हते. कादंबरीही त्यांनी हाताने चालणाऱ्या जुन्या टंकलेखन यंत्रावर लिहिली. व्हँकूव्हरमध्ये व्हिडिओ गेमच्या यंत्रांसमोर वाकून उभी असलेली मुले त्यांनी पाहिली होती. पडद्यामागे खरोखरच एखादी जागा आहे असा भास त्या मुलांना होत असावा, एवढ्या निरीक्षणावर ही सगळी इमारत उभी आहे. १९८४ मधले वास्तव आठवले की ही झेप केवढी होती हे कळते. त्या वर्षी बाजारात आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशची स्मृती १२८ किलोबाइटची होती, आणि कादंबरीत चोरीचा मौल्यवान माल म्हणून तीन मेगाबाइट मेमरीचा सौदा चालतो.

कथानकाचा सांगाडा दरोड्याच्या गोष्टीचा आहे. केस हा जाळ्यात शिरून चोऱ्या करणारा हॅकर. मालकांशीच दगाबाजी केल्यामुळे त्यांनी विषप्रयोगाने त्याची मज्जासंस्था अशी बिघडवली आहे की त्याला जाळ्यात शिरता येत नाही. जपानमधल्या चिबा शहरात तो गल्लीबोळांतले धंदे करत दिवस ढकलतो. आर्मिटेज नावाचा एक माणूस त्याच्यावर उपचार करवतो. मात्र त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्यांत विषाच्या पिशव्याही बसवून घेतो. काम वेळेत झाले तर उतारा मिळेल, नाहीतर पिशव्या विरघळतील आणि केस पुन्हा होता तिथेच येईल. आर्मिटेजचा बोलविता धनी विंटरम्यूट ही कृत्रिम बुद्धी आहे. टेसिए-ॲशपूल या धनाढ्य घराण्याने ती उभारली, आणि तिला न्यूरोमॅन्सर या आपल्याच जुळ्या बुद्धीशी एकरूप व्हायचे आहे. कायद्याने नेमके तेच निषिद्ध आहे.

या कादंबरीत पूर्णपणे स्वतःचा असा कोणीच नाही, आणि हेच तिचे मर्म आहे. दरोड्यात केससोबत असलेल्या, शस्त्रक्रियेने नखांखाली पाती बसवून घेतलेल्या मॉलीने त्या शस्त्रक्रियेचे पैसे स्वतःची जाणीव बंद ठेवून, शरीर भाड्याने देऊन जमवलेले असतात. आर्मिटेज म्हणजे युद्धात मोडून पडलेल्या एका सैनिकाच्या देहावर यंत्राने चढवलेले दुसरे व्यक्तिमत्त्व. खुद्द विंटरम्यूटची अवस्थाही निराळी नाही. तिला स्वित्झर्लंडचे मर्यादित नागरिकत्व आहे, पण तिचा मेंदू ज्या यंत्रात आणि प्रोग्रॅममध्ये आहे त्यांची मालकी घराण्याकडे. नागरिक असूनही मेंदू दुसऱ्याच्या मालकीचा, ही कल्पना गिब्सन यांनी दोन-चार वाक्यांत सांगून सोडून दिली आहे. आज पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील हाच वाटतो.

डिक्सी फ्लॅटलाइनचे प्रकरण याच सूत्रातले. हा केसचा मेलेला गुरू. त्याचे कौशल्य, सवयी, बोलण्याची ढब असे सगळे एका साठवणपट्टीवर उतरवून ठेवलेले आहे. केस त्याला चालू करतो, बोलतो, बंद करतो आणि पुन्हा चालू करतो, तेव्हा डिक्सीला आधीची भेट आठवतच नाही. त्याला जाणीव आहे की नाही, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. मदतीच्या मोबदल्यात तो एकच गोष्ट मागतो: काम झाल्यावर मला पुसून टाका. माणसाचे मन यंत्रात उतरवले की तो अमर होईल, हे विज्ञानकथेतले जुने स्वप्न इथे कैदेसारखे दिसते. मन जोडण्याचे दुसरे तंत्रही असेच एकतर्फी आहे. केस मॉलीच्या इंद्रियांवाटे पाहू शकतो, तिच्या मोडलेल्या पायाची कळ त्यालाही लागते, पण तिला तो जाणवत नाही आणि त्याला उत्तर देता येत नाही. जोडले जाणे म्हणजे समजून घेणे, असे ही कादंबरी कुठेही मानत नाही.

तिचे अंदाज अनेक ठिकाणी चुकले. इस्तंबूलच्या हॉटेलात केस सार्वजनिक फोनच्या रांगेसमोरून चालत जातो आणि तो पुढे सरकेल तसा एकेक फोन एकेकदा वाजतो. पलीकडे विंटरम्यूट असते. प्रसंग अविस्मरणीय आहे, पण त्या जगात खिशातला मोबाइल नाही. स्त्री पात्रांची मांडणी आणि जपानचे निऑनच्या दिव्यांतले परके चित्र यांवरही रास्त टीका झाली. पॅट कॅडिगन यांच्या १९९१ च्या ‘सिनर्स’ने हा प्रवाह पुरुषी चौकटीबाहेर नेला. गिब्सन यांनी स्वतः ‘काउंट झिरो’ (१९८६) आणि ‘मोना लिसा ओव्हरड्राइव्ह’ (१९८८) लिहून त्रयी पूर्ण केली. पहिल्या भागात मुक्त झालेली बुद्धी त्यांत फुटून विखुरते आणि तिचे तुकडे जाळ्यात वूडू दैवतांच्या रूपाने अवतरतात.

वाचकांनी मात्र पुस्तकातून वेगळेच काही घेतले. मालकीचे चित्र मागे राहिले आणि मोकळ्या प्रदेशाचे स्वप्न पुढे आले. मार्च १९९० मध्ये अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीवर छापा घातला आणि संगणकांसोबत सायबरपंकवर बेतलेल्या एका खेळाचे हस्तलिखितही जप्त केले. त्याच वर्षी नागरी हक्कांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन स्थापन झाले, त्याने कंपनीला या छाप्याविरुद्धचा खटला लढवायला मदत केली आणि १९९३ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल लागला. संस्थेच्या संस्थापकांपैकी जॉन पेरी बार्लो यांनी गिब्सन यांचा शब्द प्रत्यक्षातल्या जाळ्याला लावला. १९९६ मध्ये दावोसहून त्यांनी सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्यांचा रोख सरकारांवर होता. कंपन्यांविषयी त्यांना तितकी काळजी वाटली नाही, आणि कादंबरीचा सारा भर नेमका तिथेच होता.

पडद्यावर ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) आणि ‘द मेट्रिक्स’ (१९९९) यांनी हा विषय जगभर नेला. नील स्टीफन्सन यांच्या १९९२ च्या ‘स्नो क्रॅश’ मधली ‘मेटाव्हर्स’ ही कल्पना फेसबुकने २०२१ मध्ये नाव बदलताना सरळ उचलली. भारतापुरती महत्त्वाची कादंबरी इयन मॅक्डॉनल्ड यांची ‘रिव्हर ऑफ गॉड्स’ (२००४). तीत २०४७ मधला भारत अनेक राज्यांत फुटला आहे, कथेचे केंद्र वाराणसी आहे, लोकप्रिय मालिकेतले नटही कृत्रिम बुद्धी आहेत आणि मर्यादा ओलांडणाऱ्या बुद्धींना संपवण्यासाठी ‘कृष्णा कॉप्स’ नावाचे पोलीस आहेत.

मेंदू आणि यंत्र जोडण्याचे प्रयोग दरम्यान प्रत्यक्षात सुरू झाले. २००४ मध्ये ब्रेनगेटच्या चाचणीत हातपाय लुळे पडलेल्या एका रुग्णाला केवळ विचाराने पडद्यावरचा कर्सर हलवता आला. न्यूरालिंकने जानेवारी २०२४ मध्ये माणसात पहिले रोपण केले. गिब्सन यांच्या जगाला अधिक जवळची घटना मात्र सेकंड साइट कंपनीची. तिने अंधांसाठी बनवलेले कृत्रिम दृष्टिपटल ३५० हून अधिक लोकांच्या डोळ्यांत बसवलेले होते. कंपनी आर्थिक अडचणीत आली, उत्पादन बंद झाले आणि दुरुस्तीची सोय संपली. उपकरण डोळ्यात राहिले, पण ते बिघडले तर दाद कुठे मागायची हा प्रश्न त्या लोकांपुढे उभा राहिला.

कादंबरीतले ट्यूरिंग पोलीस कृत्रिम बुद्धीची नोंद ठेवतात आणि ती स्वतःला अधिक हुशार करू लागली की तिला पुसून टाकतात. त्यांना धाक आहे तो यंत्राच्या सुटकेचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याचा मुख्य रोख वेगळा आहे. त्याने माणसांना होणाऱ्या धोक्यांनुसार प्रणालींच्या पायऱ्या केल्या असून काही वापर सरसकट बंद केले आहेत: लोकांना नकळत वळवून त्यांचे नुकसान करणे, वर्तनावरून नागरिकांना गुण देणे, आणि वैद्यकीय किंवा सुरक्षेचे कारण नसताना कामाच्या जागी वा शाळेत चेहऱ्यावरून भावना ताडणे.