अर्ध्या सेकंदाचा हिशेब

पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीला कृपण म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु महिन्याच्या अखेरीस तूट कोठें आली, हें सांगूं शकणारी घरांत तीच एक असते. लहान रकमेकडे लक्ष देण्याची संवयच शेवटीं मोठ्या रकमेचें रक्षण करते, हा अनुभव घरोघरचा आहे. हल्लीं जगाचा बहुतेक हिशेब ज्या यंत्रांवर चालतो, त्यांनाही हाच न्याय कसा लागू पडतो, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. विषय थोडासा तांत्रिक आहे खरा. तथापि ज्या घरांतील एखादा तरी मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या व्यवसायांत आहे, अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत. आणि ज्या घरांत तसें कोणी नाहीं, त्यांचीही बँकेंतील शिल्लक, प्रवासाचें तिकीट व इस्पितळांतील कागद कोठल्या ना कोठल्या डेटाबेसांतच नोंदलेले असतात. ज्या वस्तूवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवितों, ती कोण राखतो आणि कशी राखतो, हें जाणून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

डेटाबेसाचें काम

डेटाबेस म्हणजे माहितीची वखार आणि त्या वखारीचा कारकून, दोन्ही एकच. ह्या कारकुनाकडून आपल्या तीन अपेक्षा असतात. विचारलेली नोंद तत्काळ सांपडावी. एकाच वेळीं शेंकडों माणसें आलीं, तरी एकाच्या लिहिण्यानें दुसऱ्याच्या वाचण्यांत घोटाळा होऊं नये. आणि “नोंद झाली” असें एकदां सांगितल्यावर पुढच्याच क्षणीं वीज गेली, तरी ती नोंद पुसली जाऊं नये. ह्यांपैकीं नुसती पहिली अपेक्षा पुरी करणें फारसें कठीण नाहीं. नोंद वहींत उतरण्यापूर्वींच “झाली” म्हणणारा कारकून सर्वांत चपळ दिसेल. पण दिवे गेले कीं त्याचें बिंग फुटेल. म्हणून वेगाची खरी परीक्षा तिन्ही अपेक्षा एकसमयावच्छेदेंकरून सांभाळण्यांत आहे, आणि त्या परीक्षेसाठीं जगभरचे अनेक कुशल लोक आपली बुद्धि झिजवीत आहेत.

अशा डेटाबेसांत ‘पोस्टग्रेस’ ह्याचें नांव आज अग्रभागीं आहे. त्याची घडण सर्वांस खुली आहे. ज्याला वाटेल त्यानें ती वाचावी, वापरावी, बदलावी. दाम द्यावा लागत नाहीं आणि कोणाची परवानगीही लागत नाहीं. अमेरिकेंतील बर्कले येथील विश्वविद्यालयांत प्रोफेसर मायकेल स्टोनब्रेकर यांनीं १९८६ सालीं ह्या कामास आरंभ केला. पुढें वापरणारे इतके वाढले कीं त्यांच्या तक्रारी निवारण्यांतच संशोधनाचा वेळ खर्च होऊं लागला, आणि चौथ्या आवृत्तीनंतर विश्वविद्यालयानें हें काम बंद केलें. तें तेथेंच संपावयाचें. परंतु अँड्र्यू यू व जॉली चेन ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं १९९४ सालीं तें पुन्हा हातीं घेतलें, त्याला एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची सर्वमान्य भाषा शिकविली आणि त्याचा फाफटपसारा कमी केला. त्यांची आवृत्ति वेगाच्या एका प्रसिद्ध कसोटीवर जुन्या आवृत्तीपेक्षां तीस ते पन्नास टक्के अधिक चपळ ठरली. १९९६ सालीं तिला ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हें नांव मिळालें. त्या वेळीं तिचा भार उचलणाऱ्यांपैकीं एक गृहस्थ कानडांत, दोघे अमेरिकेच्या दोन टोकांस आणि एक सैबेरियांत राहत असे. त्यांना एकत्र बांधणारें काय तें विद्युत्पत्रांचें सूत्र.

जुनी ओळ आणि नवी ओळ

हें काम किती बारकाईचें असतें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. पोस्टग्रेसमध्यें एखादी नोंद बदलावयाची झाल्यास जुनी ओळ खोडून तिच्यावर लिहीत नाहींत. जुनी तशीच ठेवून निराळी नवी ओळ लिहितात. ज्याचें वाचन आधींपासून चालू असतें त्याला जुनी ओळ दिसते, मागाहून येणाऱ्याला नवी; कोणी कोणाची वाट अडवीत नाहीं. सैबेरियांतील त्या गृहस्थांनीं, म्हणजे व्हादिम मिखीव यांनीं, ही पद्धत १९९९ सालच्या आवृत्तींत आणिली. पद्धत उत्तम, परंतु तिचा कर भरावा लागतो. निरुपयोगी जुन्या ओळींचा केर सांचत जातो आणि तो वारंवार झाडून काढावा लागतो. शिवाय नोंद लवकर सांपडावी म्हणून ज्या सूच्या केलेल्या असतात, त्यांतही प्रत्येक नव्या ओळीचा उल्लेख घालावा लागे. एकाच खात्याची शिल्लक दिवसांतून हजार वेळां बदलली, तर खातेदाराचें नांव तेंच असूनही सूचींत हजार उल्लेख!

२००८ सालच्या ८.३ ह्या आवृत्तींत ह्यावर जो तोडगा निघाला, त्याचें मुख्य श्रेय पवन देवलसी ह्या भारतीय अभियंत्याकडे जातें. सूचींतली माहिती बदललेली नसेल आणि त्याच पानावर जागा शिल्लक असेल, तर नवी ओळ त्याच पानावर लिहावी. सूचीला हात लावूं नये, जुन्या ओळीपासून नव्या ओळीकडे नुसती खूण करून ठेवावी. आणि पुढें कोणी तें पान उघडील तेव्हां जातां जातां तेथला केर उचलावा. ऐकावयास किती सोपें! स्वयंपाक करतां करतां ओटा आवरणारी सुगरण दुसरें काय करते? परंतु असा बदल करतांना कोणाच्या दृष्टीस चुकीची ओळ पडणार नाहीं, हें सिद्ध करण्यास फार विचार लागतो. ह्या आवृत्तीच्या टिपणांत देवलसी यांच्या नांवाबरोबरच, कल्पना इतर अनेकांच्याही होत्या, अशी नोंद केलेली आहे. ह्या मंडळींची रीत तीवरून दिसून येते.

ती रीत अशी. सुधारणा कोणीही सुचवावी. पण दुसऱ्यानें ती वाचून, तिच्यांतील दोष काढून, तिचा वेग मोजून पाहिल्यावांचून ती स्वीकारली जात नाहीं. ह्यासाठीं वर्षांतून पांच वेळां महिना महिना परीक्षणाचीं सत्रें चालतात. “माझ्या सुधारणेनें वेग वाढला” असें म्हणणाऱ्याला कोणत्या यंत्रावर, किती माणसें एकदम आलीं असतां, कितीदां मोजून, असे प्रश्न विचारले जातात. ह्यांतील पुष्कळांना आज निरनिराळ्या कंपन्यांकडून वेतन मिळतें. तथापि मध्यवर्ती मंडळांत एकाच कंपनीचे निम्म्याहून अधिक सभासद असूं नयेत, असा संकेत पाळला जातो. त्याचें महत्त्व दुसऱ्या एका उदाहरणानें पटेल. ‘मायएसक्यूएल’ हा असाच खुला व लोकप्रिय डेटाबेस. परंतु त्याची मालकी एका कंपनीकडे होती. २००८ सालीं ती कंपनी सन ह्या कंपनीनें विकत घेतली, आणि २०१० सालीं सन कंपनीच ओरॅकलच्या हातीं गेली. पोस्टग्रेसची विक्री होऊं शकत नाहीं; कारण ज्याच्याकडून तें विकत घ्यावें, असा मालकच नाहीं.

एक संशय

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहिला, त्याकडे वळूं. आंद्रेस फ्रॉइंड हे ह्या मंडळींतले एक नामांकित गृहस्थ. नोकरी मायक्रोसॉफ्ट कंपनींत. एकाच डेटाबेसाला हजारों जोडण्या असतां त्याची गति मंद होऊं नये, म्हणून त्यांनीं केलेली सुधारणा २०२१ सालच्या चौदाव्या आवृत्तींत आली. २०२४ सालच्या मार्च महिन्यांत ते असेंच कांहीं वेगाचें मापन करीत होते. सूक्ष्म मापनास यंत्र शांत असावें लागतें. सोनाराच्या तराजूला वारा चालत नाहीं, तसेंच हें. म्हणून यंत्रांत आणखी कोण गडबड करीत आहे, हें ते पाहूं लागले, तों दूरच्या माणसाला यंत्रांत प्रवेश देणारा ‘एसएसएच’ हा द्वारपाल उगाच श्रम करीत असलेला दिसला. बाहेरून कोणीतरी खोटीं नांवें सांगून आंत शिरूं पाहत होते; अशांना तत्काळ परत लावणें एवढेंच त्याचें काम, आणि तेवढ्यालाच त्याला भारी कष्ट पडत होते. फ्रॉइंड यांनीं वेळ मोजला. पूर्वीं सुमारें ०.३ सेकंद लागे, तेथें आतां ०.८ सेकंद लागत होता. अर्धा सेकंद अधिक!

दुसरा कोणी असता तर यंत्र जुनें झालें म्हणून गप्प बसला असता. पण कांहीं आठवड्यांपूर्वीं पोस्टग्रेसच्या नित्याच्या चांचण्यांत एक चमत्कारिक इशारा आल्याचें ह्या गृहस्थांस आठवलें. दोन्ही धागे त्यांनीं जुळविले, आणि ते ‘एक्सझेड’ नांवाच्या एका सामान्य उपकरणापाशीं येऊन थांबले. माहिती दाबून लहान करणें, एवढेंच ह्या उपकरणाचें काम. परंतु लिनक्सच्या कित्येक वितरणांत तें अप्रत्यक्षपणें त्या द्वारपालाशीं जोडलेलें असे. त्याच्या २४ फेब्रुवारी व ९ मार्च रोजीं निघालेल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविलेला होता! विशिष्ट किल्ली जवळ असलेल्या माणसाला त्यांतून परक्या यंत्रांत शिरून वाटेल ती आज्ञा देतां आली असती. २९ मार्च रोजीं फ्रॉइंड यांनीं हें उघड केलें. धोक्याच्या मापनांत ह्या दोषास दहापैकीं पुरे दहा गुण मिळाले. सुदैव हें कीं, त्या आवृत्त्या तोंवर बहुतांशीं प्रायोगिक वितरणांतच पोंचल्या होत्या. बँका व कचेऱ्या जीं स्थिर वितरणें वापरतात, त्यांत त्या गेल्या नव्हत्या. आणखी कांहीं महिने कोणाच्या लक्षांत आलें नसतें, तर काय अनर्थ ओढवला असता, ह्याची कल्पनाच करावी.

एकट्याचें ओझें

हा दरवाजा बसला कसा, ह्याची हकीकत अधिक विचार करण्यासारखी आहे. एक्सझेडचा सांभाळ फिनलंडमधील एक गृहस्थ जवळजवळ एकटे, वर्षानुवर्षें, एक पैही न घेतां करीत होते. हें आपलें बिनपगारी छंदाचें काम आहे, असें त्यांनीं २०२२ सालीं चारचौघांत सांगितलेंही होतें. पण उपयोग करणाऱ्या जगाला त्याची दाद नव्हती. अशा वेळीं ‘जिया टॅन’ हें नांव धारण केलेला कोणी एक साह्यास आला. २०२१ पासून त्यानें चांगलीं कामें करून दाखविलीं. इकडे कांहीं अनोळखी नांवें “तुमच्यानें होत नाहीं, दुसऱ्याच्या हातीं द्या” असा तगादा लावूं लागलीं. थकलेल्या माणसानें मदतीचा हात धरला, आणि हळूहळू घराच्या किल्ल्या त्या हातीं गेल्या. तो कोण होता, हें आजपावेतों जगाला कळलेलें नाहीं.

कांहींजण म्हणतात कीं, सर्वांस खुल्या असलेल्या वस्तूंचा हाच दोष; तेथें चोरही कारागीर म्हणून येतो. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. चोर खुलेपणांतून शिरला, पण पकडलाही गेला खुलेपणामुळेंच. फ्रॉइंड यांना एक्सझेडचें अंतरंग वाचण्याची मोकळीक नसती, तर त्यांचा संशय संशयच राहिला असता. खरा भेद आम्हांस निराळाच दिसतो. पोस्टग्रेसचें ओझें अनेकांच्या खांद्यांवर वांटलेलें आहे. एकानें केलेलें दुसरा तपासतो, थकला तर तिसरा पुढें येतो. एक्सझेडचें ओझें एकाच्याच पाठीवर होतें, आणि त्याच्या पाठीवर जगानें निश्चिंतपणें आपलें बिऱ्हाड थाटलें होतें.

हा शोध लागण्यास अनेक योगायोग जुळून यावे लागले, असें खुद्द फ्रॉइंड यांनीं विनयानें म्हटलें आहे. योगायोग होता, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु तो ज्याच्या हातीं तराजू होता त्याच्याच दारीं आला. वेगाच्या मागें लागलेल्या माणसांस “एवढ्याशा वेळेनें काय बिघडतें?” असें नेहमीं विचारलें जातें. अर्ध्या सेकंदानें काय बिघडलें असतें, ह्याचें उत्तर त्या मार्च महिन्यानें दिलें. त्यानंतरही हें मापन थांबलेलें नाहीं. तबकडीवरून माहिती येईपर्यंत हात जोडून बसण्याऐवजीं पुढच्या मागण्या आधींच पाठवून ठेवण्याची योजना २०२५ सालच्या सप्टेंबरांत निघालेल्या अठराव्या आवृत्तींत आली, आणि तिच्यांतही फ्रॉइंड यांचा वांटा मोठा आहे.

आमच्या घरांतील जीं मुलें ह्या व्यवसायांत आहेत, त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे. तुमची कचेरी अशा खुल्या वस्तूंवर चालत असेलच; तींतील निदान एक कोण सांभाळतो, तो एकटा तर नाहीं ना, ह्याची चौकशी करा. दुसऱ्यानें सुचविलेली सुधारणा तपासणें, एखादी चांचणी चालवून पाहणें, माहितीपुस्तकांतील चूक दुरुस्त करणें, ह्यांस फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. गांवच्या विहिरीचें पाणी सर्वांनीं प्यावें आणि गाळ मात्र एकानेंच काढावा, असें जेथें चालतें, तेथें विहिरींत कोण काय टाकून गेला हें कळावयास कोणी उरत नाहीं.