टेलर कठोर, मेयो प्रेमळ? व्यवस्थापनाच्या इतिहासातले काही गैरसमज

बीकॉम-एमबीएच्या पुस्तकांत व्यवस्थापनाचा इतिहास फार सोयीचा असतो. आधी टेलरने कामगाराला यंत्र केलं, मग मेयोला त्याच्यातला माणूस सापडला, शेवटी मॅस्लोने त्याच्या गरजांचा पिरॅमिड रचला. परीक्षेला हे पुरतं. मूळ नोंदी मात्र वेगळं सांगतात.

गैरसमज: टेलरने कामगारांना विश्रांतीशिवाय राबवलं.

टेलरचं पुस्तक १९११चं. त्यातला गाजलेला प्रसंग बेथलेहेम स्टीलमधला आहे: कच्च्या लोखंडाच्या लगडी वाहणाऱ्या कामगाराचं दिवसाचं काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेलं. पण त्याच हिशेबात अंगावर ओझं असण्याचा वेळ दिवसाच्या फक्त ४३ टक्के होता; बाकी वेळ विसाव्याचा. अडचण निराळीच होती. कधी उचलायचं, कधी बसायचं हे वरचा माणूस ठरवणार. कामगाराने डोकं चालवायचं नाही. शिवाय काम जवळपास चौपट झालं, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर, म्हणजे साधारण साठ टक्केच वाढली. टेलरवर टीका करायचीच तर इथे करावी.

गैरसमज: हॉथॉर्नमध्ये नुसतं लक्ष दिल्याने उत्पादन वाढलं.

मेयोच्या नावावर सांगितली जाणारी ही सगळ्यात लाडकी गोष्ट. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४पासून दिव्यांच्या उजेडावर प्रयोग झाले. उजेड वाढवा वा कमी करा, काम वाढतंच, असं पुढे सांगितलं गेलं. लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०११मध्ये जुने आकडे पुन्हा तपासले. दिवे बदलले जायचे कारखाना बंद असताना, रविवारी. आणि सोमवारी उत्पादन एरवीही वाढायचं! लक्ष दिल्याचा मोठा परिणाम त्या आकड्यांत दिसतच नाही.

पुढे तिथेच रिले नावाचे विजेचे सुटे भाग जोडणाऱ्या पाच मुलींवरचा प्रयोग झाला. त्यात मोबदल्याची पद्धत बदलली होती, आणि फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून १९२८मध्ये दोघींना काढून दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. प्रेमळ व्यवस्थापनाचा दाखला म्हणून हा प्रयोग सांगताना हे सहसा गाळलं जातं.

माणसाचा विचार मेयोच्या आधी कुणी केलाच नव्हता, हेही खरं नाही. खाणीतला फ्रेंच इंजिनिअर आंरी फेयॉल १९१६मध्येच संघभावनेला आपल्या चौदा तत्त्वांत जागा देऊन मोकळा झाला होता.

गैरसमज: पिरॅमिड मॅस्लोचा.

मॅस्लोचा लेख १९४३चा. त्यात गरजांची उतरंड आहे, आकृती एकही नाही. तो त्रिकोण १९६०मध्ये चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागाराच्या लेखातून रुळला. वरच्या पायरीवर जाण्याआधी खालची गरज शंभर टक्के भागावी लागते, असंही मॅस्लो म्हणत नाही. उलट तो समज त्याने त्याच लेखात खोडून काढला आहे. पुढच्या प्रशिक्षणात तो रंगीत त्रिकोण पडद्यावर आला, तर वक्त्याला मूळ लेख वाचलाय का, एवढं जरूर विचारा.