शिंगवाल्या बेडकांची वाटणी

बेडूक म्हटला की डबक्याच्या काठावरून टुणकन उडी मारणारा प्राणी आपल्या डोळ्यांसमोर येतो. दक्षिण अमेरिकेतला शिंगवाला बेडूक मात्र उड्यांच्या भानगडीत फारसा पडत नाही. पालापाचोळ्यात किंवा ओल्या मातीत अर्धेअधिक अंग गाडून तो बसून राहतो आणि समोरून किडा, उंदीर किंवा दुसरा बेडूक गेला की अवाढव्य तोंड उघडून त्याला गट्ट करतो. त्याची शिंगे म्हणजे वरच्या पापणीची मांसल टोके. ‘सेराटोफ्रिस’ हे प्रजातीचे नावही ‘शिंग’ आणि ‘भुवई’ या ग्रीक शब्दांवरून आले आहे.

मला मात्र या बेडकापेक्षा त्याच्या वर्गीकरणाची कथा अधिक विचार करायला लावते. प्राण्यांना नावे देणे म्हणजे संग्रहालयातल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे, असा आपला समज असतो. या बेडकांनी तो खोटा पाडला आहे.

या प्रजातीत इनमिन सात-आठ जाती. अॅमेझॉनच्या अरण्यातील कॉर्नुटा लिनिअसने १७५८ साली नोंदवली. हिची शिंगे सर्वांत ठसठशीत. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलात ऑरिटा, त्याच देशाच्या कोरड्या ईशान्य भागात जोआझेरेन्सिस, कोलंबिया-व्हेनेझुएलात कॅल्कराटा, तर इक्वेडोर-पेरूच्या रखरखीत पॅसिफिक किनारपट्टीवर स्टोल्झमनी. ज्याने त्याने आपापला मुलूख वाटून घेतलेला.

घोळ झाला तो दक्षिणेकडे. अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ प्रदेशातील ऑर्नाटा जातीचे वर्णन थॉमस बेल यांनी १८४३ साली डार्विनच्या ‘बीगल’ सफरीच्या प्राणिग्रंथात केले. त्यांनी तिला ‘युपेरोडॉन’ या प्रजातीत घातले होते. आज हे नाव आपल्याकडच्या, जमिनीत पुरून घेणाऱ्या फुग्यासारख्या बेडकांचे आहे! ती चूक पुढे सुधारली गेली. परंतु उत्तरेकडे ग्रान चाकोच्या काटेरी, उष्ण मैदानात राहणारा तसाच बेडूक कित्येक वर्षे ऑर्नाटाच समजला जात होता. दिसायला दोघे जवळजवळ भाऊच.

उलगडा केला तो गुणसूत्रांनी. चाकोतील बेडकाच्या पेशीत २६ गुणसूत्रे, तर पंपासमधील ऑर्नाटाच्या पेशीत १०४, म्हणजे बरोबर चौपट. दोघांच्या नरांची साद घालण्याची लयही वेगळी. याच आधारावर अवेलिनो बारिओ यांनी १९८० साली चाकोतील बेडकाला ‘क्रॅनवेली’ ही स्वतंत्र जात ठरवले.

एका नावाची दोन नावे झाली, यात बिघडले काय? बिघडले ते ऑर्नाटाचे. कागदावर पंपासपासून चाकोपर्यंत पसरलेली ही जात एका फटक्यात मुख्यतः अर्जेंटिनाचा पंपास, उरुग्वे आणि ब्राझीलचे दक्षिण टोक एवढ्यापुरती उरली. आणि पंपास म्हणजे अर्जेंटिनाचे धान्याचे कोठार. तिथले गवत नांगराखाली गेले. १९९६ साली जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनला परवानगी मिळाल्यावर त्या पिकाचा विस्तार आणखी वाढला. पावसाने साचणाऱ्या तात्पुरत्या तळ्यांत अंडी घालणाऱ्या बेडकाला नांगरलेले, निचरा केलेले शेत काय कामाचे? शिवाय तो विषारी आहे या समजुतीने लोक त्याला दिसताच मारतात. वास्तविक त्याला विष नाही; चावा मात्र जबर असतो.

कुणी म्हणेल, हौशी लोकांच्या घरोघरी काचेच्या पेट्यांत हे ‘पॅकमन’ बेडूक आहेतच की! पण त्यांतले बहुतेक क्रॅनवेली असतात, काही तर दोन जातींचे संकर. शंभर क्रॅनवेली पाळले तरी पंपासमधला एक ऑर्नाटा त्यातून परत मिळणार नाही.

म्हणून मला वर्गीकरण हा कोरडा विषय वाटत नाही. जोवर दोघांचे नाव एक होते, तोवर एकाच्या भरभराटीआड दुसऱ्याची ओढाताण झाकली जात होती. गुणसूत्रे मोजणाऱ्यांनी बेडूक वाचवला नाही, हे खरे. पण वाचवायचे नेमके कोणाला आणि कुठे, हे त्यांनी सांगितले. पुढचे काम शेताच्या बांधावर राहणाऱ्यांचे आहे.