डिस्क चालत नाही, दोष कुणाचा?

ईदीचे पैसे हातात पडले की मुलांची पावले दुकानांकडे वळतात. कराडची बाजारपेठ ही पाटण, उंब्रज, मसूरच्या गिऱ्हाइकांचीही बाजारपेठ. मोबाइलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक मालाच्या दुकानात जोडधंदा म्हणून व्हिडिओ गेमच्या वापरलेल्या डिस्क ठेवल्या तर खपतात. पण तीच डिस्क चौथ्या दिवशी परत येते. "चाचा, चालत नाही, पैसे द्या." दुकानदार म्हणतो मशीन खराब, गिऱ्हाईक म्हणते माल खोटा. पैसे परत केले तर नुकसान, न केले तर घराणेच्या घराणे तुटते. खरे पाहता या तक्रारीमागे चार-पाच निरनिराळी कारणे असतात आणि त्यांतली बहुतेक काउंटरवरच ओळखता येतात.

आधी डिस्क पाहा. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही दिसायला सारख्या, 12 सेंटिमीटर रुंद आणि 1.2 मिलिमीटर जाड. फरक आहे तो माहितीचा थर कुठे आहे यात. सीडीत हा थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. गिऱ्हाईक चमकदार बाजूचे ओरखडे मोजत बसते, पण सीडीला मारणारा ओरखडा चित्राच्या बाजूचा असतो. बल्बसमोर धरा. टाचणीएवढा उजेड आरपार दिसला तर तेवढी माहिती गेली, ती कोणत्याही उपायाने परत येत नाही. डीव्हीडीत दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या असून थर मधोमध असतो. ब्लू-रेत मात्र तो चमकदार पृष्ठभागापासून अवघ्या 0.1 मिलिमीटरवर आहे आणि त्याच्या रक्षणासाठी वर कडक लेप आहे.

पॉलिशचे मशीन घेऊन बसलेल्या कारागिरांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. पहिल्या प्लेस्टेशनची सीडी, पीएस टू किंवा एक्सबॉक्स 360 ची डीव्हीडी घासून सुधारते. पीएस थ्री, पीएस फोर, पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स वनपासून पुढच्या डिस्क ब्लू-रेच्या आहेत. त्या घासल्या की कडक लेपच निघतो आणि बरी असलेली डिस्कही बाद होते. टूथपेस्टचा घरगुती उपाय तर इथे अजिबात करू नये. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावे, गोल गोल नव्हे. मधल्या भोकाजवळ तडा असेल तर ती डिस्क विकूच नका, वेगाने फिरताना ती मशीनमध्येच फुटू शकते.

एक्सबॉक्स 360 च्या डिस्कवर कंपासने काढावा तसा गोल चर दिसला, तर डिस्क फिरत असताना मशीन हलवले किंवा आडव्याचे उभे केले असा बहुधा त्याचा अर्थ. अमेरिकेत ग्राहकांनी याच चरांवरून कंपनीवर दावा लावला होता आणि 2017 साली तो एका कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपण निदान जुना माल घेताना तो चर पाहून भाव पाडावा.

डिस्क स्वच्छ असूनही चालत नसेल तर संशय भिंगावर. 1994 साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मशीनमध्ये भिंग सरकवणारा भाग प्लॅस्टिकचा होता. तो झिजून भिंग तिरके होई, म्हणून लोक मशीन पालथे ठेवून खेळत. कृष्णा-कोयनेच्या काठचा पावसाळा आपल्याला माहीत आहे. दमट हवेत भिंगावर बाष्प धरते, तेव्हा भिजत आणलेले मशीन काही तास कोरडे ठेवून मगच चालू करावे. काही कारागीर भिंगाजवळचा बारीक स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवून देतात. त्या दिवशी डिस्क चालते, गिऱ्हाईक खूश होते. पण लेझरचे आयुष्य त्याने घटते, आणि ते मशीन पुन्हा आपल्याच टेबलावर येते.

तिसरे कारण कुलपाचे. अस्सल प्लेस्टेशन सीडीच्या खोबणीत कारखान्यातच एक सूक्ष्म नागमोडी खूण घातलेली असे. त्यात कोणत्या प्रदेशाची डिस्क आहे तेही लिहिलेले. घरच्या रायटरवर ती खूण उमटत नाही, म्हणून नक्कल चालत नसे. (डिस्क काळी असते म्हणून नक्कल होत नाही, ही निव्वळ समजूत होती.) त्यावर तोड म्हणून चिप निघाली आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून चिप बसवलेली मशीन गावोगाव गेली. अशा मशीनवरच्या डिस्क चिप नसलेल्या मशीनवर चालत नाहीत. त्यात दुकानदाराने "गॅरंटी" दिली असेल तर वाद ठरलेलाच. शिवाय कायदा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 नुसार नक्कल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. 2012 च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणेही गुन्हा ठरले, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. शंभर-दोनशे रुपयांच्या नफ्यासाठी हा धोका परवडत नाही.

प्रदेशाची अडचण आता कमी झाली आहे. अमेरिकेतून आलेली पीएस टूची डिस्क आपल्याकडच्या मशीनवर चालत नसे. पीएस फोर आणि पीएस फाइव्हला खेळांसाठी ते बंधन नाही, दुबईहून भावाने पाठवलेली डिस्क इथे चालते. मात्र त्या खेळाचे जादा भाग विकत घेताना खाते आणि डिस्क एकाच प्रदेशाची लागते.

कारागिरांना सर्वांत महाग पडणारी गोष्ट वेगळीच आहे. पीएस थ्रीपासून पुढे, तसेच एक्सबॉक्समध्येही, डिस्क ड्राइव्हचे सर्किट आणि मुख्य बोर्ड यांची कारखान्यात जोडी लावलेली असते. भंगारातल्या मशीनचा अख्खा ड्राइव्ह काढून बसवला तर डिस्क आत जाते, फिरते, पण खेळ सुरू होत नाही. म्हणून फक्त भिंग बदलावे, मूळ सर्किट तसेच ठेवावे, आणि ते जळले असेल तर काम हाती घेण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला सांगावे. 2023 अखेर आलेल्या सडपातळ पीएस फाइव्हचा ड्राइव्ह सुटा मिळतो, पण त्यालाही जोडणी करताना एकदा इंटरनेट लागते.

नव्या डिस्क तर नावापुरत्याच डिस्क. 2022 सालच्या 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर टू' या खेळाच्या पीएस फाइव्ह डिस्कवर जेमतेम 70 एमबीच्या आसपास माहिती निघाली. बाकी सारा खेळ इंटरनेटवरून उतरवायचा. वाडीवरच्या मुलाकडे तसे नेट नसेल तर त्याच्या दृष्टीने ती डिस्क बंदच. पीएस फोरची डिस्क पीएस फाइव्हवर चालते, उलट चालत नाही. आणि पीएस फाइव्हच्या डिजिटल आवृत्तीला किंवा एक्सबॉक्स सिरीज एस ला डिस्क घालायची फटच नाही. मुलाचे वडील डिस्क घ्यायला येतात तेव्हा त्यांना हे ठाऊक नसते. मशीनचा फोटो मोबाइलवर मागवून पाहावा, जमल्यास डिस्क त्यांच्यासमोर लावून दाखवावी, आणि मशीनचे नाव बिलावर लिहून मगच पैसे गल्ल्यात टाकावेत.