कुलूप हवंय? आधी देश सांगा!

रोख पैसे घेऊन दुकानात गेलात आणि दुकानदार म्हणाला, "माल आहे, पण तुम्हांला देणार नाही," तर? 1980च्या दशकात आपल्या देशाचं असंच झालं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला अमेरिकेचा 'क्रे' महासंगणक हवा होता. तिथल्या सरकारने हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिला. हवामानाचं गणित करणारं यंत्र क्षेपणास्त्राचंही गणित करील, ही भीती!

मग 1988 साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच बलदंड यंत्राचा नाद सोडला. पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडायचे आणि काम वाटून द्यायचं. सुगीला सारं घर शेतात उतरतं ना, तसं. 1991 साली 'परम 8000' उभा राहिला. त्यातले प्रोसेसर ब्रिटिश होते, हेही सांगायला हवं. जुळणी मात्र पुण्याची.

यंत्र बोटीने येतं, बंदरात अडवता येतं. पण तारेतून येणारं सॉफ्टवेअर कसं अडवणार?

आपल्या प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर दर्शनाला येणाऱ्यांच्या बॅगा पाहा. काहींना तीन आकड्यांचं कुलूप असतं. 000 पासून 999 पर्यंत आकडे फिरवत बसलं, तर हजार प्रयत्नांत ते उघडणारच. संगणकावरचा मजकूर गुप्त ठेवायलाही असंच आकड्यांचं कुलूप लागतं. असं भक्कम कुलूप अमेरिकेने चक्क शस्त्रांच्या यादीत घातलं होतं! म्हणून 'नेटस्केप' हे इंटरनेट पाहायचं सॉफ्टवेअर दोन तऱ्हांचं निघे. घरच्यांसाठी 128 बिटांची किल्ली, परदेशी लोकांसाठी 40 बिटांची. भक्कम प्रत उतरवून घेण्याआधी तुम्ही अमेरिकेचे किंवा कॅनडाचे आहात का, हे विचारत.

40 बिटांच्या किल्ल्या किती? सुमारे 1 लाख 10 हजार कोटी. ऐकायला केवढ्या! पण 1995 साली फ्रान्समधल्या डेमियन डोलिगेझने पुष्कळ संगणक कामाला लावून असं एक कुलूप आठ दिवसांत उघडून दाखवलं. 128 बिटांच्या किल्ल्यांची संख्या लिहायला 39 आकडे लागतात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाच्या वाट्याला मुद्दाम कच्चं कुलूप!

गंमत पुढेच आहे. फ्लॉपीवर बंदी, पण छापील पुस्तकावर नाही. फिल झिमरमन यांचं 'पीजीपी' हे कुलूपवालं सॉफ्टवेअर लोकांनी पुस्तकात ओळ न् ओळ छापलं. पुस्तकं युरोपात गेली आणि 1997 साली तिथे पानं स्कॅन करून त्यांचं पुन्हा सॉफ्टवेअर केलं. कायद्याला बोट दाखवायला जागाच नाही! मला तर हा नियमच हास्यास्पद वाटतो. जे पुस्तकातून जातं, ते तारेतून गेलं तर गुन्हा कसा?

2000 सालच्या जानेवारीत अमेरिकेने हे नियम बरेच सैल केले. पण देश विचारणं थांबलं नाही. जगभरचे प्रोग्रॅमर जिथे आपलं काम ठेवतात, त्या 'गिटहब'ने 2019 साली अमेरिकन निर्बंधांमुळे इराणमधल्या लोकांच्या खात्यांवर बंधनं घातली. त्यांनी स्वतः लिहिलेलं खाजगी कामही अडकलं. परवाना मिळून इराणसाठी ते पुन्हा पूर्ण खुलं झालं, ते 2021च्या जानेवारीत.